आर्मिल्डाचे साडेनऊ जोड

आर्मिल्डाला गेल्या गुरुवारी पुरलं. तिला उचलणाऱ्या सहाही पुरुषांचे हात उघडे होते. खड्डा खणणाऱ्या दोघांचे उघडे, घंटा वाजवणाऱ्याचे उघडे, गाडीवानाचेही उघडे. आमच्या बेटावर असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही. इथे बाई गेली की तिचा संदूक उघडतात आणि तिने हयातभर विणून ठेवलेले लोकरीचे हातमोजे तिला नेणाऱ्यांना वाटतात. ते घालूनच पुरुष तिला खांदा देतात, आणि मग मोजे त्यांचेच होतात. आर्मिल्डाचा संदूक रिकामा निघाला. मागाहून सगळे जेवायला बसले तेव्हा धाकट्या सुनांचं कुजबुजणं सुरू झालं. "पल्याडची ना ती. विणताच येत नव्हतं म्हणे तिला."

माझ्या हातात उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं होतं. ते मी टेबलावर आदळलं आणि म्हटलं, "येत होतं. मी शिकवलं होतं. गप जेवा."

जेवल्या मग गप. माझ्या तोंडाला सगळं बेट घाबरतं, ऐंशी वर्षांत तेवढीच काय ती कमाई. पण तोंडं बंद करून लोकांची मनं थोडीच बदलतात. तेव्हा एकदा नीट सांगूनच टाकते. मी गेल्यावर सांगायला कोणी उरणार नाही.

आर्मिल्डा पर्नूची, म्हणजे समुद्रापल्याडच्या शहरातली. तेविसाव्या वर्षी कुस्तासशी लग्न करून आली. आमचं शेजारचंच घर, मध्ये फक्त दगडांचा गडगा. तिच्या ट्रंकेत सगळं क्रोशाचं काम होतं. पांढऱ्या बारीक सुताचे पडदे, टेबलावरची कापडं, गळ्याच्या कॉलरी. काम सुंदर होतं, हे मी आज म्हणते. तेव्हा म्हटलं नाही. तिच्या सासूने, इंगेलने, त्यातलं एक कापड खिडकीशी धरलं आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "यात सुतापेक्षा भोकंच जास्त आहेत की गं. जानेवारीत काय पांघरायचं, भोकं?" आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसले.

इंगेल म्हणजे बेटावरची एक नंबरची विणणारी. तिने सुनेला सुयांना हात म्हणून लावू दिला नाही. "क्रोशाच्या आकडीची सवय लागलेला हात आहे तो," म्हणायची, "आता सरळ व्हायचा नाही." घरातले मोजे, स्वेटर, टोप्या सगळं तीच विणायची. आमच्याकडे प्रत्येक घराची मनगटाची पट्टी वेगळी असते. कोणाचे मोजे कोणाच्या घरचे ते लांबून कळतं. पट्टीच्या वर कोणाचा हात फिरलाय तेही कळतं, कारण कोणी घट्ट ओढतं, कोणी सैल. इंगेलच्या घरची पट्टी म्हणजे निळ्यावर पांढऱ्या तिरप्या चौकटी. ती आर्मिल्डाला कधी विणायला मिळाली नाही. ती आपली खिडकीशी बसून क्रोशाने झालरी करायची, आणि त्या झालरी बेटावर कोणाला नको असायच्या.

इंगेल गेली तेव्हा संदुकात वीस जोड निघाले. दहा तिच्यासाठी वाटले. चार वर्षांनी कुस्तास छातीच्या दुखण्याने गेला. पुरुष गेला की त्याच्यासाठी मोजे बायकोने विणलेले लागतात, पण आर्मिल्डाने सासूचे उरलेले दहा जोड काढून दिले. संदूक तळापर्यंत मोकळा झाला. मागे राहिली ती आणि तिचा मुलगा एव्हाल्ड.

एव्हाल्ड चौतिशीचा, बिनलग्नाचा, मासेमारीच्या बोटीवर कामाला. उभ्यानेच जेवायचा, काळा पाव आणि त्यावर धुरी दिलेला मासा. माझ्या दारावरून जाताना म्हणायचा, "रूडूमावशी, तुमच्या जिभेवर मासे वाळत घातले तर मीठ लावायला नको." मी त्याच्या अंगावर झाडू घेऊन धावायचे. त्याला मी पाळण्यापासून पाहिलेलं.

ऑक्टोबरात एका सकाळी आर्मिल्डा गडग्यावरून माझ्याकडे आली. शेजारी असून अडतीस वर्षांत ती माझ्या स्वयंपाकघरात कधी बसली नव्हती. आली, दार लावून घेतलं, आणि पोलक्याची बटणं सोडून काखेजवळची गाठ दाखवली. अक्रोडाएवढी होती.

"माझ्या आईला इथेच आली होती," ती म्हणाली. "पर्नूला नेऊन कापली. सहा महिने ओरडत होती आणि मग गेली. मी नाही कापून घेणार. मला वसंतापर्यंतचा वेळ आहे, रूडू. मला विणायला शिकव."

"विणायला?"

"संदूक रिकामा आहे माझा."

मी म्हटलं, "अगं त्यात काय एवढं? दहा जोड लागतात. सहा खांद्याला, दोन खणायला, एक घंटेला, एक गाडीवानाला. या हिवाळ्यात मी विणून देते. तू निवांत झोप."

ती एकदम ताठ झाली. "बेटावरच्या बायका आंधळ्या आहेत का? तुझा हात ओळखणार नाहीत? म्हणतील, पल्याडचीला उसन्या मोज्यांत नेलं. अडतीस वर्षं पल्याडची म्हणून काढली मी इथे. जाताना तरी इथली म्हणून जाऊ दे की."

यावर मी काय म्हणायला हवं होतं ते कोणालाही कळेल. म्हणायला हवं होतं, चल बाई, आधी डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं नाही. मी एवढी फटकळ, कोणाचीही काढायला मागेपुढे न पाहणारी, पण ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. का, तर मला बरं वाटलं. पल्याडची ती झोकात राहणारी बाई माझ्या दारात आली होती आणि मला काही मागत होती. हे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

"एव्हाल्डला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. त्याचा हिवाळा कशाला नासवायचा?"

"मग तो विचारेल ना, आई अचानक विणायला का लागली."

तिला खोटं सुचेना. मलाच सुचलं. "सांग त्याला, पर्नूच्या एका दुकानदाराने दहा जोड मागितलेत. ईस्टरपर्यंत पाहिजेत म्हणावं." ही थाप माझी. तिची नव्हे. हेही एकदा सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी यायला लागली. सुरुवात बघून मी थक्क झाले. आमच्याकडे धागा डाव्या हातात असतो, पहिल्या बोटावरून घेतलेला, आणि उजव्या हातातली सुई तो नुसता वेचते. नवख्या पोरींना हे शिकवताना महिना जातो, बोटावरून धागा सारखा निसटतो. आर्मिल्डाने धागा करंगळीला गुंडाळला, बोटावर घेतला, आणि तो तिथे असा बसला की जसा काही तिथेच राहायचा. क्रोशालाही धागा डाव्याच हातात असतो. चाळीस वर्षांची सवय. मी म्हटलं, "अर्धं तर तुला येतंच आहे."

कसलं अर्धं. खरी गंमत पुढेच होती. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो. तो आकडीवर धरला की बाकीचं सगळं पक्कं. इथे चार सुयांवर छप्पन्न टाके उघडे असतात आणि पाचवी सुई त्यांच्यातून फिरते. आर्मिल्डाला त्या उघड्या टाक्यांची धडकी भरायची. एक टाका सुईवरून उतरवला की ती बाकीच्यांवर बोट दाबून धरायची. "हे सगळे पडतील गं," म्हणायची. मी म्हणायचे, "पडत नाहीत. सोड. हात सोड म्हणते ना." तिचे खांदे कानापर्यंत चढलेले असायचे.

पहिला जोड व्हायला पाच आठवडे लागले. घेऊन आली तेव्हा चेहऱ्यावर असं काही होतं की मी उजेडात न नेता कौतुक केलं असतं तर बरं झालं असतं. पण मी तो जोड खिडकीशी नेला, ताणून बघितला. ताणेचना. लाकडासारखा. माझा अंगठासुद्धा मनगटातून आत जाईना. मग टाके नीट पाहिले. एकूण एक टाका पीळ पडलेला, पाय ओलांडून उभा राहिल्यासारखा.

"विण बघू माझ्यासमोर," मी म्हटलं.

विणली. आणि मला कळलं. क्रोशात आकडी धाग्याच्या खालून जाते आणि धागा उचलते. ही सुईसुद्धा तशीच धाग्याखालून घालत होती. आमच्याकडे सुई धाग्यावरून जाते आणि त्याला दाबून आत ओढते. एवढाच फरक. पण खालून गेलं की टाका उलटा बसतो, पुढच्या फेरीला पिळतो, आणि पिळलेला टाका ताणत नाही. अशी चूक आमच्या पोरी करत नाहीत, कारण त्यांनी आकडी हातात धरलेलीच नसते. आणि मी मूर्ख, पाच आठवडे तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते, हाताकडे नाही.

"हातमोजे आहेत का खोडा?" मी म्हटलं. "यात हात घालायला पुरुषाची हाडं मोडावी लागतील." आणि टोक धरून मी ओढायला लागले. दोन्ही मोजे उसवून टाकले, तिच्यासमोर. आर्मिल्डा जमिनीवर पडणारी लोकर गोळा करून गुंडाळत राहिली. गुंडाळून झाल्यावर म्हणाली, "पाच आठवडे गेले, रूडू. माझ्याकडे चोवीस होते."

त्या दिवसापासून ती पेटली. "वरून, वरून, वरून," असं स्वतःशी पुटपुटत विणायची. मध्येच हात सवयीने खाली जायचा, की स्वतःच्याच बोटावर सुई टोचून घ्यायची. मी ओरडले की म्हणायची, "टोचलं की लक्षात राहतं." नाताळच्या आधी दुसरा पहिला जोड झाला. त्याला इंगेलच्या घरची पट्टी होती, पांढऱ्या तिरप्या चौकटी. मी ताणला, सोडला, परत जागेवर आला. मला काही खोट काढता येईना आणि मी गप्प बसले, तर ती म्हणाली, "तू गप्प आहेस म्हणजे चांगला झालाय." आम्ही दोघी हसलो. अडतीस वर्षांत पहिल्यांदा एकत्र हसलो असू.

मग जोडावर जोड व्हायला लागले. दोन आठवड्यांचा जोड दहा दिवसांवर आला. माप म्हणून ती प्रत्येक जोड एव्हाल्डच्या हातात घालून बघायची. "पुरुषांचे हात तुझ्याएवढेच असतात," म्हणायची. तो बिचारा मोजे घालून स्वयंपाकघरात मुष्टियुद्ध करून दाखवायचा, टाळ्या वाजवायचा. एकदा माझ्या देखत म्हणाला, "आई, तुझ्या त्या दुकानदाराच्या सगळ्या गिऱ्हाइकांना माझेच हात आहेत वाटतं." ती म्हणाली, "उगीच ताणू नकोस, काढ." आणि मोजा त्याच्या हातातून ओढून घेताना त्याची बोटं जरा वेळ धरून ठेवली. तो काही समजला नाही. मी समजले आणि चुलीत लाकूड सारायला वळले.

ती वाळत चालली होती. गाठ तेवढीच होती, पण ती जेवत नव्हती. मी म्हणायचे, खा. ती म्हणायची, कशासाठी. गाठीमुळे वाळतेय असं आम्हा दोघींनाही वाटलं. भीतीनेही माणूस वाळतो हे तेव्हा सुचलं नाही.

मार्च संपत आला तेव्हा नऊ जोड संदुकात होते आणि दहाव्यातला एक मोजा झाला होता. दुसऱ्याची मनगटाची पट्टी निम्मी झाली आणि निळी लोकर संपली. पांढरी आमच्या मेंढ्यांची, ती हवी तेवढी. निळी मात्र पर्नूच्या दुकानातली, घरच्या रंगाला ती छटा येत नाही. माझ्याकडे होती ती जरा काळपट होती. मी देऊ केली. ती दोन्ही धागे शेजारी ठेवून बघत राहिली आणि मान हलवली. "वेगळी दिसेल. राहू दे. बर्फ वितळला की पहिल्या बोटीने मागवू."

"मेपर्यंत बोट नाही," मी म्हटलं.

"मग नाही तर नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला ती हरल्यासारखी दिसली. सुया टोपलीत ठेवून हात मांडीवर घेऊन बसली. बाकी नऊ जोडांचं तिला काही नव्हतं. दहावा नाही म्हणजे तिच्या लेखी काहीच नाही.

मला ते बघवेना. तिच्या घरून परतताना एव्हाल्ड अंगणात मोटारसायकलचं चाक काढून बसला होता. मी त्याला म्हटलं, "तुझ्या आईचं घोडं एका जोडाशी अडलंय. निळी लोकर संपलीय. तो दुकानदार दहाच्या दहा घेईन म्हणतो, नऊ नको म्हणतो."

एवढंच. मी त्याला जा म्हटलं नाही. पण मी सांगितलंच कशाला, ते मला चांगलं माहीत आहे.

हिवाळ्यात समुद्र गोठतो आणि त्या बर्फावरून पर्नूला जायची वाट असते, ती आठवड्यापूर्वीच बंद केली होती. दोन्ही बाजूंना रोवलेल्या झाडाच्या फांद्या अजून उभ्या होत्या, पण मधून पाणी दिसायला लागलं होतं. एव्हाल्ड पहाटेच मोटारसायकलवरून निघाला. आईला म्हणाला बोटीच्या कामाला जातो. किनाऱ्यावर आमचा ओस्कार भेटला, माझा पुतण्या, त्याने अडवलं तर म्हणाला, "परवाच पोस्टवाला आला की यावरून. दुपारी परत येतो. आईला गंमत दाखवायचीय." गेला, पोचला, दुकानात लोकर घेतली, दुकानदारिणीशी थट्टा केली, हे सगळं नंतर कळलं. दुपारी वारा दक्षिणेचा झाला. तो परत आला नाही.

तीन दिवसांनी सापडला. बेटापासून फार लांब नव्हता, चर्चचा मनोरा दिसेल इतक्यात. मोटारसायकल मिळाली नाही. त्याचा कोट काढताना शर्टाच्या आत, छातीशी, निळ्या लोकरीच्या दोन लडी होत्या. भिजू नयेत म्हणून आत ठेवल्या असतील. ओस्कारने त्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "काकू, हे तुम्हीच द्या." दिल्या मी. कशा दिल्या ते विचारू नका. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्याला कोणी सांगितलं?"

"मी," म्हटलं.

ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आणि दुकानदाराचं मी सांगितलं होतं," आणि लडी वाळत घालायला चुलीवरच्या दांडीकडे गेली.

बिनलग्नाच्या मुलासाठी मोजे आई देते. आर्मिल्डाचे नऊ जोड कशासाठी आहेत हे तोवर सगळ्या बायकांना कळलं होतं, मीच रडत सांगितलं होतं. त्या दिवशी बेटावरची एकही बाई मागे राहिली नाही. प्रत्येकीने स्वतःच्या संदुकातून एकेक जोड काढून आणला, माझ्या टेबलावर ढीग लागला. मी तो घेऊन तिच्याकडे गेले. "हे वाटू," म्हटलं. "तुझे तुझ्यासाठी राहू देत. तुला लागणारच आहेत."

ती म्हणाली, "माझ्या मुलाला उसन्या मोज्यांत?"

मी ढीग परत घेऊन आले.

तिने स्वतः वाटले. सहा खांदेकऱ्यांना सहा, खणणाऱ्यांना दोन, घंटेला एक. म्हातारा मीहकेल गाडीवान होता. त्याच्यापुढे आली तेव्हा तिच्या हातात तो एकटा मोजा होता. माझ्या कोटाच्या खिशात माझा एक जोड होता, मी तो काढायला गेले, तर तिने नुसती मान हलवली. मीहकेलने तो एक मोजा घेतला, उजव्या हातात घातला, लगाम त्या हाताने धरला आणि डावा हात खिशात टाकला. लोकरीच्या लडी तिने एव्हाल्डच्या हाताखाली ठेवल्या. एका बाईने हळूच म्हटलं होतं, एका रात्रीत होईल गं दुसरा मोजा, आता लोकर आलीय तर. तिला मी बाहेर काढलं.

चर्चपासून कबरीपर्यंत फार अंतर नाही. मी तिच्या शेजारी चालत होते आणि पुढे पेटीवर ते हात दिसत होते. निळे-पांढरे, एकसारखे, नीट बसलेले. कोणालाच ते घट्ट नव्हते की सैल नव्हते, कारण सगळे त्याच्याच हाताच्या मापाचे होते. माझ्या मनात तेव्हा ते आलं आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिच्याही मनात आलं असणार. तिने तर ते त्याच्या हातात घालून पाहिले होते.

त्यानंतर ती मरायची वाट बघत बसली. हे मी बोलायचं म्हणून बोलत नाही, ती खरंच तेवढंच करत होती. एप्रिल गेला, मे गेला. मेंढ्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या. मी रोज सूप घेऊन जायचे, दोन चमचे खायची. मी लोकर नेली तर म्हणायची, "आता मला कोणी न्यायचंय? माझं काय, मला बैलासारखं ओढत नेलं तरी चालेल." सुया तिने माझ्या अंगणात आणून ठेवल्या. क्रोशाची आकडीही ठेवली त्यांच्याबरोबर.

सप्टेंबर आला. सहा महिन्यांच्या जागी अकरा झाले होते. एक दिवस ती कोट घालून माझ्या दारात उभी राहिली.

"बोट कधी आहे?"

"कशाला?"

"डॉक्टरकडे जायचंय. एवढा उशीर का लागतोय ते विचारायचंय. अजून किती दिवस ते तरी कळू दे."

मी बरोबर गेले. पर्नूला दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, गालावर खळी पडणारी. तिने गाठ दाबून पाहिली, हलवून पाहिली, कधीपासून आहे विचारलं, काखेत चाचपून पाहिलं. मग हात धुतले आणि म्हणाली, "आजी, चरबीची गाठ आहे ही. पुष्कळांना असते. काही करायला नको. ही घेऊन तुम्ही नव्वदीपर्यंत जाल."

आर्मिल्डाने पोलक्याची बटणं लावली. एक चुकीचं लागलं, ते मी नीट करायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. उठून बाहेर आली.

बोटीत आम्ही बाकावर शेजारी बसलो. माझं मन हलकं झालं होतं, खोटं कशाला बोलू. मूर्खासारखं मी म्हटलं, "चला, सुटलीस बाई." बोट एव्हाल्ड सापडला त्याच जागेवरून जाते, बेटाला दुसरा रस्ता नाही. पाणी शांत होतं. चर्चचा मनोरा दिसायला लागला तेव्हा ती बोलली, अगदी रोजच्या आवाजात.

"मी त्याला नाताळात सांगितलं असतं ना, तर तो ऐकला नसता. म्हणाला असता, चल आई, दाखवून येऊ. मी नाही म्हटलं असतं तरी उचलून मोटारसायकलच्या बाजूच्या डब्यात बसवलं असतं त्याने मला."

मी म्हटलं, "नको आता तो विचार."

"जानेवारीत नेलं असतं," ती म्हणाली. "जानेवारीत बर्फ हातभर जाड होता, रूडू."

त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली.